वडिलांच्या रकान्यातले नाव : प्रस्तावना

हिब्रू शास्त्रग्रंथात आमोज हे नाव 13 वेळा आले आहे: सात वेळा यशयाच्या ग्रंथात, तीन वेळा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आणि तीन वेळा इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात. या तेरांपैकी एकाही स्थळी आमोज नावाचा पुरुष बोलत नाही, चालत नाही, कोणाचा कैवार घेत नाही की कोणाशी कलह करीत नाही. त्याच्या जन्माची नोंद नाही, मृत्यूची वार्ता नाही, गाव नाही, व्यवसाय नाही, पत्नीचे नाव नाही. प्रत्येक वेळी तो यशया या आपल्या पुत्राच्या नावाला जोडून येतो आणि त्या नावाबरोबरच निघून जातो. ज्याच्या वाणीचा धाक यहूदाच्या राजांनी बाळगला, ज्याच्या 66 अध्यायांच्या ग्रंथाला यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही धर्मांनी मस्तकी धरले, त्या संदेष्ट्याच्या पित्याविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहू धजणाऱ्याने वाचकाशी पहिला व्यवहार प्रामाणिकपणाचा करावा हे बरे. चरित्र या शब्दाने आपण जे समजतो ते या पुस्तिकेत सापडावयाचे नाही. तिच्यात सापडेल ती वाचकांची हकीकत: पित्याच्या जागी नुसते एक नाव पाहून ज्यांच्याने स्वस्थ बसवले नाही, ज्यांनी त्या नावाला भाऊ दिला, राजकुल दिले, संदेष्टेपण दिले, आणि एकदा तर चुकून दुसऱ्याच माणसाचे सबंध आयुष्य देऊन टाकले, अशा दीड-दोन हजार वर्षांच्या वाचकांची.

आपल्या जुन्या दफ्तरांत हात घालण्याची ज्याला सवय आहे त्याला हा प्रकार अपरिचित वाटू नये. महजरांत, निवाडपत्रांत, वतनाच्या तंट्यांतील साक्षींत 'अमुक बिन तमुक' अशी माणसे ओळीने उभी असतात. त्यांतल्या 'अमुका'ने निदान शिवेचा दगड दाखवलेला असतो, साक्ष दिलेली असते, कागदाच्या तळाशी नांगराची निशाणी केलेली असते. 'तमुक' मात्र, हा अमुक नेमका कोणता हे कळावे एवढ्याचसाठी कागदावर आलेला असतो, आणि कित्येकदा तो कागद होण्यापूर्वीच मातीआड झालेला असतो. 'बिन' हा शब्द फारसी दफ्तराच्या वाटेने मराठीत उतरला, परंतु त्याचे मूळ अरबी, आणि हिब्रूतला 'बेन' हा त्याचा सख्खा भाऊ. मराठी बायबलाच्या अनुवादकांनी 'यहोशवा बिन नून' असे लिहिले तेव्हा देशावरच्या कुलकर्ण्याच्या लेखणीतला शब्द त्यांनी, जाणून वा नेणून, त्याच्या भाऊबंदांत नेऊन बसवला.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला हे निराळे सांगावयास नको. कचेरीच्या कागदावर ज्याचे नाव स्वतःचे, मग वडिलांचे, मग किहीमकर, पेणकर, रोहेकर असे गावाचे, या क्रमाने लागते, तोच मनुष्य शब्बाथच्या दिवशी तोरावाचनासाठी पुढे बोलावला गेला की 'अमुक बेन तमुक' होतो; म्हणजे आडनाव दारात राहते आणि बाप तेवढा आत जातो. आणि तरीही याच समाजाचा ज्या संदेष्ट्याशी सर्वांत निकटचा जिव्हाळा, ज्याच्या स्मरणाने मलिद्याचे ताट मांडले जाते, त्या एलियाहू हन्नबीच्या पित्याचे नाव शास्त्राने दिलेले नाही. तो नुसता तिश्बी. गाव आहे, बाप नाही.

ही विषमता केवळ एलियाहूपुरती नाही. संदेष्ट्यांच्या नावाने जे 15 ग्रंथ हिब्रू शास्त्रात आहेत, यशया, यिर्मया, यहेज्केल हे तीन मोठे आणि होशेयापासून मलाखीपर्यंतचे 12 लहान, त्यांपैकी आठांच्या आरंभी संदेष्ट्याच्या पित्याचे नाव दिले आहे आणि सातांच्या आरंभी नाही. यिर्मयाचा पिता हिल्कीया, यहेज्केलाचा बूजी, होशेयाचा बैरी, योएलाचा पथूएल, योनाचा अमित्तय. जखऱ्याच्या वाट्याला पिता आणि पितामह असे दोघेही आले. सफन्याने तर चार पिढ्यांची वंशावळ रुजू करून सर्वांना मागे टाकले. उलट आमोस, ओबद्या, मीखा, नहूम, हबक्कूक, हाग्गय आणि मलाखी हे आपापल्या ग्रंथात बापाच्या नावावाचूनच प्रवेश करतात. हा भेद लेखनिकाच्या मर्जीनेही पडला असेल, परंतु ताल्मूद ज्यांच्या चर्चेतून उभा राहिला त्या आचार्यांना शास्त्रात काही मर्जीने पडते हेच मान्य नव्हते. मेगिल्ला या प्रकरणात उल्ला नावाच्या आचार्याचा एक नियम नोंदलेला आहे. ज्या संदेष्ट्याचे स्वतःचे आणि पित्याचे अशी दोन्ही नावे दिली असतील तो स्वतः संदेष्टा असून संदेष्ट्याचा पुत्रही आहे असे समजावे. ज्याचे केवळ स्वतःचे नाव असेल त्याच्या पित्याला तो अधिकार नव्हता असे समजावे. गाव दिले असेल तर तो त्या गावचा, आणि दिले नसेल तर यरुशलेमचा धरावा. मुरलेल्या फडणीसाने नव्या कारकुनाच्या हाती दफ्तर वाचण्याची किल्ली द्यावी तसा हा नियम आहे: लिहिलेल्याला अर्थ आहे, आणि मोकळ्या सोडलेल्या रकान्यालाही आहे. (आपल्या किहीमकर-पेणकरांना तो लावू गेल्यास नाव, बाप आणि गाव हे तिन्ही रकाने भरलेले निघतील, आणि उल्लालाही क्षणभर थांबावे लागेल.)

या नियमाने आमोजला एका फटक्यात संदेष्टेपण मिळाले आणि त्याच्या पुत्राला यरुशलेमचे घर मिळाले. पण मग या संदेष्ट्या पित्यांची वाणी गेली कोठे, हा प्रश्न कोणीही चिकित्सक विचारणारच. होशेयाच्या पित्यापुरते त्याचे उत्तर लेवीय रब्बा या मिद्राशात आहे, आणि ते मला सबंध परंपरेतल्या अत्यंत मोहक उत्तरांपैकी एक वाटते. बैरीच्या मुखातून दोनच वचने निघाली; स्वतंत्र ग्रंथ व्हावा इतके ते भांडवल नव्हते; म्हणून ती यशयाच्या ग्रंथात जोडून दिली, आणि तीच आजच्या आठव्या अध्यायातील एकोणिसावे व विसावे वचन होत. दोन वचनांचा संदेष्टा! त्याला निदान दुसऱ्याच्या वाड्यात ओसरी मिळाली. ज्याच्या पुत्राचा तो वाडा, त्या आमोजच्या नावे मात्र परंपरेने त्यातला एक कोनाडाही लावून दिला नाही.

आता त्या चुकीविषयी. 'आमोज' असे म्हटले की ऐकणारे बहुधा 'म्हणजे तो मेंढरे राखणारा ना?' असे विचारतात, आणि त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण त्यांच्या आधी फार मोठमोठी माणसे याच खड्ड्यात उतरली आहेत. तकोवा गावचा आमोस, ज्याच्या नावाचा ग्रंथ बारा लहान संदेष्ट्यांत तिसरा येतो, आणि यशयाचा पिता आमोज, या दोघांच्या हिब्रू नावांतली मधली दोन अक्षरे, मेम आणि वाव, सारखीच आहेत. आरंभीचे आणि शेवटचे अक्षर निराळे आहे. आमोज हा आलेफने सुरू होऊन सादेने संपतो, आमोस आयिनने सुरू होऊन सामेखने संपतो. धातूही वेगळे: पहिल्याच्या मुळाशी बळ, दृढता, धैर्य यांचा अर्थ आहे, दुसऱ्याच्या मुळाशी ओझे वाहण्याचा. हिब्रू जाणणाऱ्याला या दोन नावांत घोटाळा होण्याचे कारण नाही. परंतु ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून शास्त्रग्रंथ ग्रीक भाषेत उतरू लागले, ग्रीक लिपीत ना आयिनला जागा होती ना सादेला, आणि भाषांतरकारांनी दोन्ही नावे 'आमोस' अशी एकाच वर्णांनी लिहिली. ग्रीकावरच विसंबणाऱ्या वाचकांच्या दृष्टीने मग यशया हा आमोसाचा मुलगा झाला, आणि कालगणनाही या चुकीला अनुकूलच होती, कारण आमोस उज्जीया राजाच्या अमदानीत बोलला आणि यशयाला दर्शन झाले ते उज्जीयाच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व 740 च्या सुमारास. बेथलेहेमात राहून यहुदी गुरूंकडून हिब्रू शिकलेल्या जेरोमला आमोसाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना आरंभीच सांगावे लागले की, हा संदेष्टा यशयाचा पिता नव्हे, त्याच्या नावाची अक्षरे वेगळी आहेत. मराठी बायबलात आरंभीचा भेद लुप्त झाला असला तरी शेवटचा 'ज' आणि 'स' यांनी जपला आहे. एका अक्षरावर एका माणसाचे अस्तित्व टांगलेले असावे, असे हे उदाहरण.

या घोटाळ्यातली गंमत अशी की, ज्या आमोसाला लोकांनी यशयाचा बाप करून टाकले, त्याने स्वतः बेथेल येथे अमस्या नावाच्या याजकासमोर आपली कैफियत देताना, आपण संदेष्टे नव्हतो आणि संदेष्ट्याचे पुत्रही नव्हतो, गुरे राखीत होतो आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करीत होतो, असे स्पष्ट सांगितले आहे. उल्लाच्या नियमाशी ते तंतोतंत जुळतेही, कारण आमोसाच्या ग्रंथात त्याच्या पित्याचे नाव नाही. बाप नसलेल्याला मुलगा चिकटवावा, आणि तोही दुसऱ्याचा!

अमस्या हे नाव वर सहज आले, पण आमोजच्या कथेत ज्या अमस्याला मान आहे तो बेथेलचा याजक नसून यहूदाचा राजा आहे. आमोज आणि अमस्या हे भाऊ होते ही गोष्ट आपल्याला पूर्वजांकडून परंपरेने मिळाली आहे, असे रब्बी लेवी यांचे म्हणणे ताल्मूदात मेगिल्ला आणि सोटा अशा दोन प्रकरणांत नमूद आहे. हे विधान पुष्कळदा सुटे उचलून सांगितले जाते. पण ते ज्या चर्चेत आले आहे ती चर्चा आमोजविषयी मुळीच नाही. ती आहे तामारविषयी. सासरी असताना तामार नेहमी मुखावर पदर ठेवून वावरे, म्हणून पुढे सासऱ्याने, म्हणजे यहूदाने, तिला वाटेवर पाहूनही ओळखले नाही. आणि अशी मर्यादेने राहणारी सून राजे व संदेष्टे यांची जननी होते, असा सिद्धांत तेथे मांडला आहे. राजांचा दाखला सोपा होता: दावीद तिच्याच वंशातला. संदेष्ट्याचा दाखला हवा तर दावीदाच्या घराण्यातला एखादा संदेष्टा दाखवणे प्राप्त होते, आणि तो यशयाच्या रूपाने सापडतो, फक्त त्याचा पिता राजाचा भाऊ असला पाहिजे. सुनेच्या पदराच्या खटल्यात आमोजला अशा रीतीने साक्षीला बोलावले गेले. त्याच्याविषयी जे जे सांगितले गेले ते ते असेच दुसऱ्या कोणाच्या तरी खटल्यातली साक्ष म्हणून. वादी किंवा प्रतिवादी या नात्याने तो कोणत्याही न्यायासनासमोर कधी उभा राहिलाच नाही. या पुस्तिकेत मला जे म्हणावयाचे आहे ते बहुतेक एवढेच आहे.

या बंधुत्वाचे बीज नावांतच असावे असे मला वाटते. आमोज आणि अमस्या ही दोन्ही नावे एकाच धातूपासून निघालेली आहेत. एकात नुसते बळ आहे, दुसऱ्यात परमेश्वराचे बळ. एकाच घरात भावांची नावे अशी जोडीने ठेवण्याची हौस आपल्यालाही अपरिचित नाही. त्यात यशयाचे दरबारी वर्तन जमेस धरावे: आहाज राजाला तो वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर गाठतो आणि तोंडावर सुनावतो, अश्शूरची फौज वेशीशी आली तेव्हा हिज्कीया आपला घरकारभारी, आपला चिटणीस आणि याजकांतील वडीलधारी मंडळी गोणपाट नेसवून त्याच्याकडे धाडतो, आणि उज्जीयाच्या कारकिर्दीचा समग्र इतिहास यशया बिन आमोजने लिहिला असे इतिहासकर्ता सांगतो. हा मनुष्य राजवाड्यात परका नव्हता खरा. पण राजाला निर्भयपणे बोलणारा तो राजाचा चुलता किंवा पुतण्या असलाच पाहिजे, हा तर्क मला राजांना फार आणि संदेष्ट्यांना फार थोडे मान देणारा वाटतो.

परंपरा मात्र एवढ्यावर थांबली नाही, आणि येथे ती खरोखर रंगात येते. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, अदोमावर स्वारी करण्यापूर्वी अमस्या राजाने इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यातून 1,00,000 लढवय्ये 100 किक्कार रुपे देऊन भाड्याने आणल्याची हकीकत आहे. एक किक्कार म्हणजे 3,000 शेकेल, तेव्हा दर शिपायामागे तीन शेकेल मुशाहिरा पडला. इतक्यात एक 'देवाचा माणूस' राजाकडे आला आणि ही भाडोत्री फौज बरोबर नेऊ नको, परमेश्वर तिच्या बाजूला नाही, असे त्याने बजावले. यावर राजाने जो प्रश्न केला तो शास्त्रातल्या अत्यंत मानवी प्रश्नांपैकी एक आहे: ठीक आहे, पण आगाऊ दिलेल्या त्या शंभर किक्कारांचे काय? परमेश्वराजवळ त्याहून कितीतरी अधिक द्यावयास आहे, असे देवाच्या माणसाने उत्तर दिले, आणि राजाने निमूटपणे फौज परत लावून दिली. पुढचा हिशेब इतका सरळ लागला नाही. परत पाठवलेले शिपाई चिडले, त्यांनी यहूदाची गावे लुटली आणि 3,000 माणसे मारली. राजाला अदोमावर जय मिळाला, पण जय मिळवून येताना त्याने हरलेल्या लोकांचेच देव उचलून आणले आणि त्यांच्यापुढे धूप जाळला. ज्या संदेष्ट्याने त्याबद्दल जाब विचारला त्याला, तुला राजाचा मसलतगार कोणी नेमले, असे दटावून गप्प केले. आणि मग इस्राएलच्या राजाला डिवचून बेथ-शेमेश येथे असा मार खाल्ला की, यरुशलेमच्या तटाचा 400 हातांचा भाग त्या राजाने पाडून टाकला.

या अध्यायातल्या देवाच्या माणसाला नाव नाही. सेदेर ओलाम हा प्राचीन कालगणनेचा ग्रंथ आणि त्याच्या मागोमाग भाष्यकार राशी सांगतात की तो आमोज होता. येथे परंपरेची रीत उघडी पडते. एका ठिकाणी कृत्य आहे पण नाव नाही. दुसऱ्या ठिकाणी नाव आहे पण कृत्य नाही. दोन्हीकडची अडचण ओळखून परंपरेने मध्यस्थ होऊन त्यांचा विवाह लावून दिला. विवाह बरा जमला हे कबूल केले पाहिजे. भावाने भावाला पैशाचा मोह सोडावयास सांगितला, असे मानले की त्या संवादाला घरातल्या बोलण्याची ऊब येते. आणि आमोजच्या मुलाने पुढे आहाज आणि हिज्कीया यांना परक्या फौजांवर विसंबू नका असे जन्मभर सांगितले, तो बापाचाच धडा मुलाने गिरवला असे होते. इतके सुबक जमले म्हणूनच मला ते संशयास्पद वाटते. राजाचा सख्खा भाऊ राजाकडे आला असता तर, ज्या इतिहासकर्त्याला नावे आणि वंशावळी यांचे इतके वेड आहे, त्याने त्याला नुसता 'देवाचा माणूस' म्हणून दारातून आत सोडले असते, हे पटणे कठीण आहे.

तरीही एकदा हे नाते गृहीत धरले की त्यातून जे कुटुंब उभे राहते ते पाहून घ्यावे. अमस्याचा पिता योवाश, तोच मग आमोजचाही पिता. आणि या योवाशाने, ज्या याजकाने त्याला लहानपणी जिवावर उदार होऊन वाढवले त्या यहोयादाच्या मुलाला, जखऱ्याला, मंदिराच्या अंगणात दगडमार करवून ठार केले होते. संदेष्टवाणी बोलणाऱ्याचा वध करणाऱ्या बापाच्या पोटी आमोज संदेष्टा निपजला. आमोजचा मुलगा यशया. उज्जीया हा त्याचा चुलतभाऊ, म्हणजे मंदिरात त्याला जे महान दर्शन झाले ते घरच्या सुतकाच्या वर्षी. ताल्मूदाच्या बेराखोत प्रकरणानुसार हिज्कीयाने यशयाची मुलगी केली; पिढ्यांचा मेळ पाहता हा वर नात्याने वधूच्या फार खालच्या पिढीतला होता, पण राजघराण्यांत असले हिशेब कोण पाहतो! त्या संबंधातून मनश्शे झाला. आणि येवामोत प्रकरणात सांगितल्याप्रमाणे याच मनश्शेने यशयाचा वध करविला, ज्या गंधसरूने यशयाला पोटात लपवले होते त्यालाच करवत लावून. पणजोबाचा बाप संदेष्ट्याचा मारेकरी आणि पणतूही तसाच, अशी ही साखळी आमोजच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे, आणि मधली कडी असलेल्या आमोजने मात्र तिच्यात काहीच केलेले नाही.

बेराखोतातल्याच त्या प्रसंगात आमोजचे नाव ज्या रीतीने उच्चारले गेले ते मला विशेष वाटते. हिज्कीया आजारी आहे. यशया येऊन त्याला सांगतो की तू मरणार, निवाडा झालेला आहे. राजा संतापतो आणि त्याला, हे आमोजच्या मुला, तुझी संदेष्टवाणी आटोप आणि चालता हो, अशा अर्थाचे बोल ऐकवतो. कारण मानेवर धारदार तलवार ठेवली तरी मनुष्याने दयेची याचना सोडू नये, ही शिकवण त्याला आजोळीच्या नव्हे, आजोबांच्याच घरातून मिळाली होती. येथे यशयाचे स्वतःचे नाव गळून पडले आहे. हिब्रूत हा प्रघात जुना आहे: शौल राजाला दावीदाचा राग आला की तो त्याचे नाव घेत नाही, इशायाचा मुलगा म्हणतो. आपल्याकडेही संतापाच्या भरात माणूस समोरच्याचे नाव टाकून थेट त्याच्या बापापर्यंत पोचतो. आमोजला हाक म्हणावी अशी जी काही मिळाली ती एवढीच, एका आजारी राजाच्या तोंडून, आणि तीही रागाची.

स्वतः यशयाने बापाविषयी काही म्हटले आहे काय, असे वाचक विचारील. नावांच्या बाबतीत हा संदेष्टा कमालीचा जागरूक होता. आपल्या एका मुलाचे नाव त्याने शआर-याशूब, म्हणजे शेष राहिलेले परत येतील, असे ठेवले, आणि दुसऱ्याचे महेर-शालाल-हाश-बज, म्हणजे लूट वेगाने येत आहे, असे. ज्या गल्लीत ही पोरे खेळत असतील त्या गल्लीत त्यांची आई त्यांना हाक मारी तेव्हा राज्याचे भवितव्यच पुकारले जात असे. पत्नीचा उल्लेख त्याने संदेष्ट्री असा केला आहे. मुले आली, पत्नी आली, बाप तेवढा शीर्षकांतच राहिला. शीर्षके म्हणण्याचे कारण असे की ग्रंथातल्या सातांपैकी तीन उल्लेख, पहिल्या, दुसऱ्या आणि तेराव्या अध्यायांच्या आरंभीचे, कागदाच्या माथ्यावर नाव-निशाणी लिहावी तसेच आहेत; शेवटचा उल्लेख अडतिसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात येतो. चाळिसाव्या अध्यायापासून पुढे यशयाचेही नाव ग्रंथात नाही, आणि त्या 27 अध्यायांचा कर्ता बाबेलच्या बंदिवासाच्या किंवा त्यानंतरच्या काळातला कोणी निराळा होता असे अर्वाचीन पंडित बहुमताने मानतात. मुलाच्या सहीला बापाच्या नावाची जोड जेथवर आहे साधारण तेथवर ते यशयाला ओळखतात, असे म्हणावयास हरकत नाही.

यरुशलेमच्या भूमीत, मंदिराच्या टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी ओफेल म्हणतात त्या भागात, 2009 साली केलेल्या उत्खननाच्या मातीतून सुमारे एक सेंटिमीटरचा एक मातीचा शिक्का निघाला आणि 2018 साली पुरातत्त्वज्ञ एलात माझार यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच्या वरच्या भागात चरणाऱ्या हरिणीचा अवशेष आहे, मधल्या ओळीत 'यशयाचा' अशा अर्थाची अक्षरे आहेत, शेवटचे तुटलेले. आणि खालच्या ओळीत नून, बेत, योद ही तीन अक्षरे उरून पुढची कड झडलेली आहे. तेथून सुमारे तीन मीटरांवर 'आहाजचा पुत्र हिज्कीया, यहूदाचा राजा' असा शिक्का सापडलेला होता, त्यामुळे जगभर गाजावाजा झाला तो साहजिकच होता. झडलेल्या जागी आलेफ असेल तर 'नावी', म्हणजे संदेष्टा, हा शब्द पुरा होतो. पण त्या काळच्या शिक्क्यांचा सर्वसाधारण प्रघात असा की वर स्वतःचे नाव आणि खाली बापाचे, 'बेन' हा शब्द कित्येकदा गाळून, अगदी आपण आज नाव लिहितो तसे. म्हणून खालची तीन अक्षरे हे कोणा निराळ्या यशयाच्या बापाचे नाव असेल, किंवा गावाचे असेल, अशी शंका खुद्द माझार यांनीही नोंदवली. जिथे आमोज हे नाव दिसले असते तर सर्व वाद एका दिवसात मिटला असता, नेमक्या त्या जागी ते नाही.

एवढे सगळे मांडल्यावर या पुस्तिकेची रचना सांगण्यास फारशी जागा उरत नाही आणि तिची गरजही नाही. पुढची प्रकरणे वर आलेल्या स्थळांचीच सावकाश फेरतपासणी करतात. परंपरेला मी इतिहास मानलेले नाही आणि थट्टेवारीही नेलेले नाही. मूळ हिब्रू येणाऱ्यांनी माझ्या अक्षरांच्या चुका दाखवून द्याव्यात, बेने इस्राएल वाचकांनी चालीरीतींच्या दाखवाव्यात, आणि ज्यांना यांपैकी काहीच येत नाही त्यांनी निदान एकदा यशयाचा ग्रंथ पहिल्या पानापासून उघडावा. त्या ग्रंथाची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत 1947 साली मृतसमुद्राकाठी कुमरान येथल्या गुहेत सापडली. ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली असून तिची लांबी 7.34 मीटर आणि स्तंभ 54 आहेत, व ती आता यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. तिच्या पहिल्या स्तंभाच्या पहिल्या ओळीत, उजवीकडून मोजीत गेल्यास, चौथा शब्द आमोज हा आहे.